म्हातारी आली तर येतो

८ जानेवारी

सूनबाई,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, आधी भांडून घेतो.

तुमच्या पार्कचं नवं पोस्टर आमच्या चौकात लागलंय. हिरवा पडदा, पडद्यावर भलंमोठं घड्याळ आणि खाली एकच ओळ: 'बारा फेब्रुवारीला एक जुनी ओळख नव्याने भेटेल.' बास. ना शेंडा ना बुडखा. मी भाजी आणायला निघालो होतो, तो पोस्टरसमोर उभा राहून राहून रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. जेवायला चहा आणि पाव. याला जबाबदार तू आहेस, कारण पार्कच्या जाहिरात विभागात तू आहेस आणि असली अर्धवट वाक्यं तुझ्याशिवाय कोणाला सुचणार नाहीत.

आता मला सांग. ज्या म्हातारीला दोन वर्षांपूर्वी टाळं लावून बाहेरून काही दिसू नये इतके उंच पत्रे ठोकलेत, नेमका तिच्याच भोवती पडदा ओढायचा आणि वर 'जुनी ओळख' म्हणायचं, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल. शिवाय घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झालीत. हे उगीच असेल का? म्हातारीला डबे किती होते? दहा. मोठी उडी कितव्या वळणानंतर? दहाव्या. आमच्या चाहता मंडळातल्या शिट्टीला (बँकेत कॅशियर आहे, राइडवर किंचाळायच्या ऐवजी शिट्टी मारते, म्हणून शिट्टी) मी हे दाखवलं, तर तिला भर काउंटरवर रडू आलं. मागची रांग ताटकळली.

माझा मुलगा तुझ्या खांद्यावरून हे वाचत असेलच. त्याच्यासाठी खुलासा: म्हातारी म्हणजे तुझी आजी नव्हे रे. लाकडी रोलर कोस्टर. चढताना कण्हते आणि उतरताना खोकते, म्हणून म्हातारी. आणि हो, लोकांचे वडील निवृत्त झाल्यावर बागेत चालायला जातात हे मला ठाऊक आहे. मीही गेलो होतो. बागेत फार शांतता असते.

तुला माझं वेड कळतं, म्हणून तुला सांगतो. चाळीस वर्षं मी लोकांचे दात काढले. माझ्या खुर्चीत माणसं किंचाळली, पण हौसेने एकही नाही. म्हातारीत पहिल्यांदा बसलो तेव्हा पाहिलं, इथे माणसं तिकीट काढून किंचाळतात आणि खाली उतरल्यावर पुन्हा पळत पळत रांगेत जातात! दाढ काढून झाल्यावर माझ्या दाराशी कुणी असं पळत परत आलं नाही. तेव्हा जे वेड लागलं ते लागलं. पुढे मंडळ काढलं, त्याचा अध्यक्ष झालो, आणि आता तुमच्या साहेबांनी नियम काढलाय की जाहिरात विभागातल्यांनी चाहता मंडळांच्या अध्यक्षांशी फोनवर, मेसेजवर, मेलवर पार्कविषयी अक्षर बोलायचं नाही, बातमी फुटते. अध्यक्ष हा सासराच निघाला तर काय करायचं ते नियमात नाही. टपालाचंही नाही. म्हणून हे पत्र.

राहता राहिला तुझा नेहमीचा प्रश्न. 'बाबा, तिथलं घर विकून आमच्याकडे राहायला कधी येता?' मागच्या महिन्यात बाथरूममध्ये घसरलो, तेव्हापासून तू आठवड्याला दोनदा विचारतेस. उत्तर तेच आहे. म्हातारी आली तर येतो. पार्क तुमच्या घरापासून चालत जाण्याजोगं, सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी, मधल्या वेळेत नातवंडं झाली तर नातवंडं. ती नसेल तर तुमच्या गावात मी करू काय? हा माझा शब्द आहे आणि तो मी पाळणार.

तर बोल. आहे ना ती पडद्यामागे?

अनेक आशीर्वाद.
बाबा
(अध्यक्ष, स्वतःच नेमलेले)

&nbsp;

१५ जानेवारी

बाबा,

नमस्कार. भांडण पोचलं, त्याची ही पावती.

पडद्यामागे काय आहे ते मी सांगू शकत नाही. कागदावर सही करून दिलीय. पण घड्याळाचं तेवढं मनावर घेऊ नका. ते चित्र आमच्या चित्रकाराने तयार चित्रांतून उचललंय. जाहिरातीतली घड्याळं बहुतेक दहा वाजून दहा मिनिटंच दाखवतात, काटे हसल्यासारखे दिसतात म्हणून. कुठल्याही घड्याळाच्या दुकानात जाऊन बघा. पडदा हिरवा आहे कारण गोदामात हिरवाच होता. तुम्ही लोक आमच्यात जेवढी अक्कल बघता तेवढी असती, तर मी या वयात कच्च्या नोकरीवर नसते.

हो, अजून कच्चीच आहे. बारा तारखेला गर्दी जमली आणि चाहत्यांच्या प्रतिक्रिया चांगल्या आल्या तर पक्की करू, असं साहेब म्हणालेत. मागच्या कार्यक्रमाचं तुम्हाला आठवतं ना? नाचणाऱ्या कारंज्याचं उद्घाटन. कारंजं नाचलं नाही, पाहुणे भिजले. तुमच्या मंडळात कार्यक्रमाला एक ते पाच किंकाळ्या द्यायची पद्धत आहे, आणि तुम्ही स्वतःच्या सहीने लिहिलंत, 'अर्धी किंकाळी, तीही गर्दीत पायावर पाय पडला म्हणून.' ते साहेबांनी मोठ्या अक्षरात छापून माझ्या टेबलासमोर चिकटवलंय. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आत मी तुमचं दर्शन घेते. लिहिणारा माझा सासरा आहे हे साहेबांना अजून माहीत नाही. त्यांना वाटतं, कोणीतरी खडूस म्हातारा असावा. मी होला हो म्हटलं.

मागची खोली रिकामी केली. कपाटाचे दोन कप्पे तुमचे. तुमच्या चिरंजीवांनी बाथरूममध्ये धरायची दांडी बसवली, ती इतक्या उंचावर बसवली की तिला धरण्यापेक्षा लोंबकळणं सोपं. उद्या खाली घेणार आहेत. परवापासून उद्याच घेणार आहेत.

बाबा, आता गंमत सोडून. तुम्ही पडलात तेव्हा शेजारच्या शिंपीणबाईंना तुमची हाक ऐकू गेली, हे नशीब. दर वेळी त्यांचं शिलाई मशीन बंद असेलच असं नाही. फोन वाजला की यांचा आधी चेहरा उतरतो आणि मग हे फोन उचलतात. तुम्हाला बोलून दाखवणार नाहीत, तुमच्यावरच गेलेत. म्हणून मी लिहिते. म्हातारी असो की नसो, तुम्ही या.

तुमची,
अर्धी किंकाळी

&nbsp;

२२ जानेवारी

सूनबाई,

शाब्बास! 'सांगू शकत नाही.' अगं, नसती तर 'नाही' म्हणून मोकळी झाली असतीस. आणि घड्याळाचा एवढा लांबलचक खुलासा? खाई त्याला खवखवे. तरी खातरजमा म्हणून चौकातल्या घड्याळाच्या दुकानात गेलो. खरंच, बंद ठेवलेली सगळी घड्याळं दहा दहावर. म्हणजे तुम्ही बहाणासुद्धा चोख तयार ठेवलात! शिट्टी म्हणाली, ही बाई पुढे जाणार.

मंडळाची सभा घेतली. माझा जुना दवाखाना बंद असला तरी खुर्ची आहे. अध्यक्ष खुर्चीत आडवे, बाकीचे वेटिंगच्या बाकांवर. मी फक्त एवढंच म्हणालो, 'आतल्या गोटातून कळलंय, पण मी सांगू शकत नाही.' तुझंच वाक्य. त्याचा जो परिणाम झाला तो तुझ्या सगळ्या पोस्टरांचा मिळून झाला नसेल. निवृत्त भूगोलाच्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि बसल्याच नाहीत. एका गृहस्थाने बायकोला फोन लावून सांगितलं, 'आली गं, आली,' आणि पलीकडून बायकोने विचारलं, 'कोण आली?' त्यावर त्यांची अजून बोलचाल बंद आहे.

आता बाकीची चार मंडळंही येतायत. आमची बस ठरली. टोप्या शिवायला टाकल्यात शिंपीणबाईंकडे, लाल रंग, वर पांढऱ्या दोऱ्याने 'आजीचे नातू'. आमच्यातला सगळ्यात लहान नातू बावन्न वर्षांचा आहे. टोपी घालून आरशात पाहिलं. दातांचा डॉक्टर कमी आणि आइस्क्रीमवाला जास्त दिसतो. पण हौसेला मोल नसतं.

शिंपीणबाईंना घरासाठी गिऱ्हाईक बघायला सांगून ठेवलंय. शब्द म्हणजे शब्द. सूटकेस खाली काढली, तीन शर्ट ठेवले, नंतर दोन परत कपाटात टाकले. इतक्यात कशाला म्हणून. हल्ली झोप लागत नाही. आनंदाने असेल.

त्या दांडीचं झालं का? मुलाला म्हणावं, तू उंच आहेस, बाप बसका आहे.

बाबा

&nbsp;

२ फेब्रुवारी

बाबा,

घाईत लिहितेय, माफ करा.

'आतल्या गोटातून' हे तुम्ही काय केलंत? काल इथल्या पेपरात बातमी आली, 'म्हातारी परतणार, चाहत्यांना खात्री.' साहेब आनंदाने टेबलावर ताल धरून बसलेत. मला म्हणाले, एक शब्द खोटा न बोलता तू हे कसं घडवलंस? मी म्हटलं, सर, मलाही माहीत नाही. त्यांना तो विनय वाटला. इकडे मी तुमचं पत्र पर्समध्ये लपवून बसलेय आणि ऑफिसात सगळे माझ्यासाठी टाळ्या वाजवतायत.

तुम्ही बाराला येऊ नका. पंधरा दिवसांनी या, आठ दिवसांनी या, हवं तर तेराला या, मी स्वतः न्यायला येते. पण त्या दिवशी पार्कात नको. मंडळालाही काहीतरी सांगा. याहून जास्त लिहिलं तर माझी नोकरी जाईल. याहून कमी लिहिलं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

मी सरळ एका शब्दात का लिहीत नाही, असं तुम्ही विचाराल. त्याचं एक कारण नोकरी आहे. दुसरंही आहे, पण ते लिहायचा धीर होत नाही.

दांडी खाली आली. आता कपाटाचं दार तिला अडतं. तुमचे चिरंजीव म्हणतात, कपाट सरकवू.

तुमची सून

&nbsp;

६ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझ्या मनातलं ओळखलं. तुला माझ्या हृदयाची काळजी. या वयात मोठ्या उडीवर बाबांचं काही बरंवाईट झालं तर, हेच ना ते दुसरं कारण? अगं, परवाच तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, बाकीचं तेवढं सांभाळा. आणि तुझं नोकरीचं कारणही लक्षात आलं. आपलं नातं साहेबांना कळायला नको. काळजी नको. तू माइक घेऊन समोर आलीस तर मी 'मॅडम' म्हणेन. चाळीस वर्षं मी तोंडात आरसा घालून समोरच्याच्या मुलीच्या लग्नाबद्दल गप्पा मारल्यात. चेहरा कोरा ठेवणं मला शिकवू नकोस.

येतोय. बस सकाळी निघणार. आता माघार घेतली तर मंडळ मला माझ्याच पक्कडीने सोलून काढेल.

बाबा

&nbsp;

१७ फेब्रुवारी

बाबा,

तुम्ही फोन घेत नाही. हे करतात तेव्हा घेता, 'बरा आहे' म्हणता आणि ठेवता. म्हणून पुन्हा टपालच.

सगळं सांगते, तुम्ही तिथे होतात तरी सांगते, कारण मी कुठे उभी होते ते तुम्हाला माहीत नाही. मी पडद्याच्या दोरीजवळ होते. समोर पाचही मंडळं. तुमच्या लाल टोप्या अगदी पुढे. भूगोलाच्या बाई चष्मा पुसत होत्या. पडदा अर्ध्यावर अडकला, आणि आधी फक्त दुकानाच्या पाटीचा खालचा भाग दिसला. तरी लोक टाळ्या वाजवत होते! मग तो एकदम वर गेला.

दुकान. 'म्हातारीची आठवण.' म्हातारीच्या लाकडाचे तुकडे करून बनवलेल्या किल्लीच्या साखळ्या, पेनं ठेवायचे डबे, भिंतीला टांगायच्या चकत्या. मागे, जिथे तो मोठा चढ होता, तिथे नुसतं आभाळ.

पुढच्या रांगांतून एकच 'हाय' आली. मग मागून कोणीतरी ओरडलं, 'तिला कापली!' आणि शिव्या सुरू झाल्या. साहेबांनी मला ढकललं, जा, प्रतिक्रिया घे, कॅमेरा चालू आहे. आणि माइक घेऊन मी ज्याच्यासमोर जाऊन थांबले ते तुम्ही होतात. तुम्ही 'मॅडम, द्या इकडे' म्हणालात.

तुम्ही बोललात ते मला पाठ झालंय. तुम्ही म्हणालात, 'मंडळी, ओरडायचं तर माझ्यावर ओरडा. पार्कने ओळख भेटेल म्हटलं, म्हातारी भेटेल असं म्हटलंच नव्हतं. ते मी म्हटलं. मी दातांचा डॉक्टर. चांगल्या दातातही कीड शोधायची सवय, म्हणून साध्या घड्याळात गुपित शोधलं.' कोणीतरी विचारलं, मग आतल्या गोटातला तो माणूस कोण? तुम्ही म्हणालात, 'माझा गुडघा. हवामानही तोच सांगतो, आणि तेही चुकतं.' लोक हसले. शिट्टीताईंनी शिट्टी मारली, पण ती कौतुकाची नव्हती. कोणीतरी फेकलेलं आइस्क्रीम तुमच्या खांद्यावर लागलं. तुम्ही ते रुमालाने पुसलंत, माझ्याकडे न बघता माइक परत दिलात आणि बसकडे गेलात. आमचं घर तिथून दहा मिनिटांवर होतं, बाबा. यांनी चहाचं आधण ठेवलं होतं.

ती चित्रफीत पार्कच्या आजवरच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त बघितली गेली. साहेब म्हणाले, या खडूस म्हाताऱ्याला पुढच्या कार्यक्रमाला मानाने बोलवा. माझी नोकरी पक्की झाली. तुमच्या फजितीवर पक्की झाली. नेमणुकीचं पत्र हातात घेताना मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

आता ते दुसरं कारण. दुकानाची कल्पना माझीच होती. म्हातारी सहा महिन्यांपूर्वीच मोडली होती, खालून किडली होती. लाकूड भट्टीत जाणार होतं. मी म्हटलं, चाहत्यांना तुकडा तुकडा देऊ. मला ती चांगली गोष्ट वाटली होती. अजूनही अर्धी वाटते. म्हणजे तुमच्या पहिल्या पत्राच्या वेळीच मला माहीत होतं की ती कधीच येणार नाही. कोड्यात का होईना, मी तुम्हाला कळवू शकले असते. नाही कळवलं. कारण तुम्ही 'म्हातारी आली तर येतो' म्हणालात, आणि मला वाटलं, चुकीचं समजून का होईना, बाबांनी सामान बांधलं, घर विकलं, एकदा इथे आले की मग कोण परत जातंय! मी तुम्हाला फसवून घरी आणणार होते. पार्कला गर्दी हवी होती आणि मला तुम्ही हवे होतात. दोघांनी एकच पोस्टर वापरलं. दोन तारखेला पत्र लिहिलं तेव्हा घाबरून मी तो बेत मोडायला निघाले होते, पण तेही धड जमलं नाही.

मला ओरडा. पण फोन उचला.

तुमची सून

&nbsp;

१ मार्च

बाबा,

एक ओळ तरी. 'रागावलोय' एवढी लिहिलीत तरी चालेल.

&nbsp;

९ मार्च

सूनबाई,

रागावलो होतो.

ओळ मागितलीस, दिली. आता पुढचं. राग खरा होता, लाडाचा नव्हता. परतीच्या बसमध्ये माझ्याशी कोणी बोललं नाही, आणि मीही कोणाशी बोललो नाही. खांद्यावर आइस्क्रीम वाळत होतं, डोक्यावर 'आजीचे नातू'. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी गावभर टोप्या वाटून करून घेतलं. पुढच्या सभेत मला अध्यक्षपदावरून काढलं. खुर्ची माझीच असल्यामुळे ती नेता येईना, म्हणून मला म्हणाले, तुम्ही उठा. आता शिट्टी आडवी होऊन सभा चालवते. तुमच्या कार्यक्रमाला मंडळाने शून्य किंकाळ्या दिल्या आणि मला पाच. आणि ऐक, त्या दिवशी शिव्या देणाऱ्यांतल्या एकूण एकाने बसमध्ये चढायच्या आधी साखळी घेतली होती. भूगोलाच्या बाईंनी तर दोन. चाहते म्हणजे काय चीज आहे हे तुमच्या साहेबांना मी जन्मभर शिकवलं तरी कळणार नाही. तुला मात्र कळलं होतं, हे कबूल करतो.

तुझं पत्र आलं आणि राग वाढला. ही मला फसवून आणणार होती? मी काय मोतीबिंदू झालेला बैल आहे, दावणीला ओढत न्यायला? चार दिवस मी मनात तुला उत्तर लिहीत होतो. त्यातली वाक्यं फार चांगली होती, वाया गेली. कारण पाचव्या दिवशी दात घासताना एक गोष्ट आठवली आणि माझं सगळं भाषण माझ्याच घशात अडकलं.

ती अशी. पडदा वर गेला, दुकान दिसलं, आणि माझ्या शेजारची सगळी माणसं एकदम 'हाय' म्हणाली. मी तेवढा म्हणालो नाही. माझ्या मनात आलेला पहिला शब्द होता, 'सुटलो.'

सूनबाई, मी ती अट का घातली होती, सांगू? म्हातारी कधीच परत येणार नाही याची मला खात्री होती म्हणून. कीड मला बाहेरून दिसते, लाकडातलीही. बंद व्हायच्या आधीच ती कण्हायची थांबून करकरायला लागली होती. 'ती आली तर येतो' म्हणजे 'येत नाही' हे सभ्य भाषेत. तुझ्या तोंडावर 'येत नाही' म्हणवत नव्हतं. मग ते पोस्टर लागलं. मी तासन्‌तास त्याच्यासमोर उभा राहिलो तो आनंदाने नाही गं, पाचावर धारण बसली होती म्हणून. खरंच आली तर? मग घड्याळात दहा काय, वळणं दहा काय, मी खुणा शोधत सुटलो. वेडा चाहता म्हणून ती यावी असं वाटत होतं, आणि घाबरट म्हातारा म्हणून ती न यावी असं वाटत होतं. दोघांनी मिळून बस ठरवली.

कशाला घाबरलो? तुमच्याकडे मी पाहुणा म्हणून आलो की चांगला असतो. गमती सांगतो, भांडी विसळतो, चार दिवसांनी निघतो. पाचव्या दिवशी मी कसा असतो हे मलाच माहीत नाही. खोकतो, दिवे बंद करत फिरतो, कोणी बोललं नाही की फुगतो. इथे एकटा आहे म्हणून माझ्या या गुणांची कोणाला झळ लागत नाही. तुम्ही दोघं मला कंटाळाल आणि चांगली माणसं असल्यामुळे बोलून दाखवणार नाही, याची मला भीती वाटते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तर 'सुटलो' म्हणून मी वर पाहिलं, आणि समोर तू माइक घेऊन उभी. तुझा चेहरा पाहिला. चाळीस वर्षं मी घाबरलेले चेहरे पाहिले, पण ते स्वतःच्या दाताला घाबरलेले. तू माझ्यासाठी घाबरली होतीस. तुझ्या नोकरीचं भवितव्य त्या माइकमध्ये होतं आणि तू माझ्याकडे बघत होतीस, मला किती लागलं ते. तेव्हा कळलं नाही. तेव्हा नुसतं बोलून गेलो आणि बसमध्ये जाऊन बसलो. दात घासताना कळलं.

आणि फसवण्याचं म्हणशील तर, आलेल्या प्रत्येक पेशंटला मी 'अजिबात दुखणार नाही' असं सांगत आलो. प्रत्येकाला दुखलं. तुझ्या पोस्टरला नावं ठेवायला मी कोण लागून गेलो? फरक इतकाच, की मी खोटं बोललो ते त्यांनी तोंड उघडावं म्हणून, आणि तू गप्प राहिलीस ते मी दार उघडावं म्हणून. तरी पुन्हा असं करू नकोस. मला यायला लावायचं असेल तर रागावून बोलाव, मला ते समजतं.

शिंपीणबाईंना गिऱ्हाईक बघायला खरंच सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं होतं तेव्हा सोबत डोळाही मिचकावला होता. या वेळी मिचकावला नाही. त्या म्हणाल्या, 'म्हातारी तर आली नाही म्हणे, मग कशाला जाता?' मी म्हटलं, 'मुलगा आणि सून आहेत तिथे.' इतकं साधं वाक्य आहे, पण ते तोंडातून निघायला मला दीड वर्ष लागलं. नंतर त्या रडल्या, आणि मीही थोडा.

अट आता काही नाही. विनंती एक आहे. माझा कंटाळा आला तर सांगत जा, त्याच दिवशी. मुलाला जमणार नाही, तू सांग. मीही तुझ्या कार्यक्रमांना किंकाळ्या द्यायचं सोडणार नाही. अध्यक्ष नसलो म्हणून काय झालं, मत आहेच.

येत्या मंगळवारी दुपारच्या बसने निघतोय, संध्याकाळी पोचेन. या वेळी सूटकेसमध्ये सगळे शर्ट घातले. स्टँडवर न्यायला येऊ नका, मी काही पाहुणा नाही, असं लिहिणार होतो. लिहून खोडलं.

या. दोघंही या.

बाबा